चावीवरून मजकूर शोधताना न सापडलेल्या चावीचे काय करायचे?

प्रश्नाचा आशय असा आहे. जावातील एका क्लासमध्ये संकेत घेऊन त्याचा संदेश परत देणारी मेथड आहे. तिच्यात इफ-एल्सच्या ऐंशीच्या आसपास पायऱ्या झाल्या आहेत आणि प्रत्येक नव्या संकेताबरोबर त्यांत भर पडते. ही साखळी काढून हॅशमॅप (चावीवरून मूल्य देणारा तक्ता) वापरावा, एनम (ठरावीक नावांचा प्रकार) वापरावा, का सगळा मजकूर प्रॉपर्टीज फाइलमध्ये (चावी आणि मजकूर यांच्या जोड्यांच्या साध्या फाइलमध्ये) हलवावा, आणि चावी (की), म्हणजे येथे तो संकेत, सापडली नाही तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, परत देणे योग्य ठरेल का, हे प्रश्नकर्त्याला ठरवायचे आहे.

यातला शेवटचा उपप्रश्न खरे तर पहिला आहे. न सापडलेल्या चावीचे काय करायचे हे ठरले म्हणजे हॅशमॅप, एनम आणि फाइल यांच्यातली निवड बहुतेक वेळा आपोआप होते, आणि ते न ठरवता केलेली निवड काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

त्याआधी वेगाचा मुद्दा बाजूला काढू, कारण साखळी काढण्याचे कारण म्हणून तो सर्वांत आधी सांगितला जातो आणि त्याला सर्वांत कमी महत्त्व आहे. ऐंशी स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरमालांची, तुलना करणे हे आजच्या प्रोसेसरला काहीच नाही. बहुतेक तुलना लांबीवर किंवा पहिल्या काही अक्षरांवरच संपतात. शिवाय २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून स्विचमध्ये, म्हणजे एका मूल्यावरून शाखा निवडणाऱ्या रचनेत, स्ट्रिंग चालते, आणि कंपायलर त्या स्विचचे रूपांतर आधी हॅशवरून (स्ट्रिंगपासून काढलेल्या पूर्णांकावरून) उडी आणि मग खात्रीसाठी ‘इक्वल्स’ ही समानतेची तुलना अशा कोडमध्ये करतो. हॅशमॅपसुद्धा आतून हेच करतो: चावीच्या हॅशवरून बकेट, म्हणजे कप्पा, निवडतो आणि त्या बकेटमध्ये ‘इक्वल्स’ने नेमकी जोडी शोधतो. ही दुसरी पायरी टाळता येत नाही, कारण दोन वेगळ्या स्ट्रिंगचा हॅश एकच असू शकतो; जावात मोठा ए व त्यापुढे लहान ए ही दोन अक्षरी स्ट्रिंग आणि दोन मोठ्या बींची स्ट्रिंग, या दोहोंचा हॅश २११२ येतो. तेव्हा साखळी जाण्याचे कारण वेग हे नाही. मजकूर ही माहिती आहे, निर्णय नाही, आणि माहिती नियंत्रणाच्या प्रवाहात विरघळवून ठेवली म्हणजे तिची मोजदाद करता येत नाही, तपासणी करता येत नाही आणि भाषांतरही करता येत नाही, हे कारण आहे.

आता मुख्य मुद्दा. चाव्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारच्या चाव्या तुमच्याच प्रोग्रामने निर्माण केलेल्या असतात: ‘मुदत संपली’, ‘शिल्लक अपुरी’, ‘नोंद आधीच आहे’ यांसारखे जे संकेत तुमचाच कोड उत्पन्न करतो आणि तुमचाच कोड वाचतो. हा संच बंद आहे. या संचातली चावी सापडली नाही तर त्याचा अर्थ एकच, कोणीतरी संकेत जोडला पण मजकूर जोडायचा विसरला. म्हणजे ती प्रोग्रामातली चूक आहे आणि ती जितक्या लवकर उघडी पडेल तितके चांगले, शक्यतो कंपाइल करतानाच, नाहीतर टेस्टमध्ये, आणि तेही नाही तर प्रोग्राम सुरू होताना. दुसऱ्या प्रकारच्या चाव्या बाहेरून येतात: दुसऱ्या प्रणालीने पाठवलेला संकेत, वापरकर्त्याने टाइप केलेला शब्द, जुन्या फाइलमधला रकाना. हा संच खुला आहे, तो तुमच्या हातात नाही, आणि त्यात न ओळखलेली चावी येणे ही चूक नसून रोजची घटना आहे. तिच्यासाठी आधीपासून ठरलेले वर्तन हवे.

खुल्या संचासाठी ठरलेले वर्तन कसे असावे याचे चांगले उदाहरण वेबवरच्या संवादाच्या नियमांच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, मानकात आहे. त्यातील तीन अंकी संकेतांची यादी वाढत राहणार हे गृहीत धरून असा नियम केला आहे की क्लायंटने पहिला अंक समजून घेतलाच पाहिजे, आणि न ओळखलेला संकेत त्या वर्गातल्या शंभरच्या पटीतल्या संकेतासारखा मानला पाहिजे. म्हणजे ४७१ हा संकेत माहीत नसला तरी क्लायंट तो ४०० समजून वागतो. येथे चावी ‘सापडली नाही’ असे म्हणायची वेळच येत नाही. शोधाची दुसरी पायरी व्याख्येतच आहे. तुमच्या संकेतांनाही अशी रचना असेल, उदाहरणार्थ पहिल्या दोन अक्षरांवरून विभाग कळत असेल, तर प्रत्येक विभागाचा एक सर्वसाधारण संदेश ठेवा आणि नेमका संदेश न मिळाल्यास त्यावर या. ‘अज्ञात त्रुटी’ या दोन शब्दांपेक्षा ‘पैसे भरण्याच्या टप्प्यावर अडचण आली’ हे वाक्य वापरकर्त्याच्या जास्त उपयोगाचे असते.

बंद संचासाठी जावात एनमला पर्याय नाही असेच मी म्हणेन. एनम २००४ मध्ये जावा ५ बरोबर आला, आणि त्याआधीच्या स्थिर पूर्णांकांच्या व स्ट्रिंगच्या याद्यांपेक्षा त्याचा मोठा फायदा हा, की चुकीची चावी लिहिताच येत नाही: टंकलेखनातली चूक कंपायलर पकडतो. त्याखेरीज २०२० मध्ये जावा १४ पासून स्विचला मूल्य देणाऱ्या रूपात वापरता येते, आणि या रूपात डिफॉल्टची, म्हणजे ‘बाकी सर्वांसाठी’ची, शाखा न लिहिता एनमच्या सर्व सदस्यांची शाखा लिहिली, तर पुढे नवा सदस्य जोडणाऱ्याला मजकूर जोडल्याशिवाय कोड कंपाइलच करता येत नाही. यासाठीच अशा स्विचमध्ये ‘काळजी म्हणून’ डिफॉल्ट शाखा लिहू नये असा माझा आग्रह असतो, कारण ती शाखा कंपायलरचे तोंड बंद करते.

प्रश्नकर्त्याच्या बाबतीत दोन्ही प्रकार मिसळलेले असण्याची शक्यता जास्त आहे. तसे असेल तर सीमा स्पष्ट आखावी. बाहेरून आलेली स्ट्रिंग प्रणालीच्या दारातच एनममध्ये बदलावी, न ओळखलेल्या स्ट्रिंगसाठी एनमचा ‘अनोळखी’ असा वेगळा सदस्य ठेवून मूळ स्ट्रिंग लॉगमध्ये नोंदवावी, आणि आतल्या सर्व कोडला फक्त एनम दिसू द्यावा. एनमची आयती ‘व्हॅल्यूऑफ’ ही मेथड येथे उपयोगाची नाही; ती अनोळखी नावाला एक्सेप्शन (चालू काम थांबवणारी त्रुटी) फेकते आणि बाहेरचा संकेत तुमच्या कोडमधल्या नावाशी जखडून टाकते. कोणी चांगल्या हेतूने एनमच्या सदस्याचे नाव सुधारले, तर दुसऱ्या प्रणालीशी चाललेला संवाद तुटतो. बाहेरचा संकेत सदस्याच्या आत वेगळ्या फील्डमध्ये ठेवावा आणि त्यावरून उलटा शोध घेण्यासाठी एक छोटा मॅप एकदाच बांधावा.

आता नल परत देण्याबद्दल. भाषागणिक याची उत्तरे इतकी वेगळी आहेत की एका भाषेतून दुसरीत आलेल्या प्रोग्रामरची सवय हमखास फसते. जावाचा हॅशमॅप चावी न सापडल्यास गुपचूप नल देतो. सी-शार्पची डिक्शनरी चौकोनी कंसाने विचारल्यास एक्सेप्शन फेकते, आणि ते नको असेल तर ‘ट्रायगेटव्हॅल्यू’ वापरायची असते. मात्र डॉटनेटमधलाच, म्हणजे सी-शार्पबरोबरच्या लायब्ररीतलाच, जुना हॅशटेबल त्याच चौकोनी कंसाला नल देतो. पायथनमध्ये कंसाने विचारल्यास ‘कीएरर’ येतो, ‘गेट’ने विचारल्यास ‘नन’ मिळते. जावास्क्रिप्टमध्ये साध्या ऑब्जेक्टला डिक्शनरी म्हणून वापरले आणि कोणी ‘कन्स्ट्रक्टर’ हा शब्द चावी म्हणून दिला, तर वारशाने आलेले फंक्शन हातात पडते. म्हणून बाहेरच्या चाव्यांसाठी तिथे २०१५ च्या मानकात आलेला ‘मॅप’च वापरावा. सर्वांत घातक वर्तन मला सी प्लस प्लसचे वाटते: तिथला मॅप चौकोनी कंसाने विचारल्यावर न सापडलेल्या चावीसाठी रिकामी स्ट्रिंग तयार करून मॅपमध्ये घालतो आणि तीच परत देतो. म्हणजे नुसते विचारल्याने उत्तर बदलते. पुढच्या वेळी ‘ही चावी आहे का’ असे विचारले तर ‘आहे’ असे उत्तर येते. पायथनमधील ‘डिफॉल्टडिक्ट’ही कंसाने विचारल्यावर असेच वागतो. या सगळ्यांत स्मॉलटॉकची जुनी पद्धत मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते: तिथे ‘अ‍ॅट-इफ-अ‍ॅब्सेंट’ या संदेशात चावीबरोबरच, ती नसल्यास काय करायचे याचा ब्लॉक विचारणाराच देतो, त्यामुळे हा निर्णय कोणी घेतला हे कोड वाचताना दिसते.

नल वाईट आहे ते तो एक्सेप्शन उडवतो म्हणून नव्हे. एक्सेप्शन उडाला तर उलट बरे. तो वाईट आहे कारण बऱ्याचदा तो काहीच उडवत नाही. जावात नलला स्ट्रिंग जोडली तर ‘नल’ हा चार रोमन अक्षरांचा शब्द मजकुरात उमटतो, आणि ‘आपला अर्ज’ यापुढे तो छापलेले पत्र थेट ग्राहकाच्या हातात पडते. दुसरी अडचण अर्थाची आहे. हॅशमॅपमध्ये मूल्य म्हणूनही नल ठेवता येतो, त्यामुळे ‘गेट’ने नल दिला म्हणजे चावी नाही, का चावी आहे पण मूल्य नल आहे, हे त्या उत्तरावरून कळत नाही, ते कळण्यासाठी ‘कंटेन्सकी’ वेगळे विचारावे लागते. जावा ८ मधली ‘गेट-ऑर-डिफॉल्ट’ ही गाठ सोडवते असा समज आहे, पण चावी असून मूल्य नल असेल तर तीही नलच देते. अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरायच्या कॉन्करंटहॅशमॅपने नल चावी आणि नल मूल्य दोन्ही नाकारले ते याच संदिग्धतेमुळे, आणि जावा ९ मधील ‘मॅप-ऑफ’ने तयार होणारे अपरिवर्तनीय मॅपही ते नाकारतात. एक बारीक फरक मात्र लक्षात ठेवावा: हॅशमॅपला नल चावी विचारली तर तो शांतपणे शोध घेतो, पण ‘मॅप-ऑफ’च्या मॅपला नल चावी नुसती विचारली तरी नलपॉइंटर एक्सेप्शन येतो. मॅपचा प्रकार बदलल्यावर वर्षानुवर्षे चाललेला कोड अचानक कोसळतो तो बहुधा येथे.

नल, रिकामी स्ट्रिंग आणि चावीच नसणे या तीन वेगळ्या स्थिती आहेत हे लिहून ठेवण्यासारखे आहे. ‘या संकेताला काही दाखवायचे नाही’ हा निर्णय असू शकतो आणि तो रिकाम्या स्ट्रिंगने व्यक्त होतो. ‘मजकूर अजून लिहिलेला नाही’ ही वेगळी गोष्ट आहे. मजकूर डेटाबेसमधून येत असेल तर हा भेद टिकतो का हेही पाहावे लागते, कारण ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग नल म्हणूनच साठवली जाते. तिथे ‘काही दाखवू नये’ यासाठी वेगळा रकाना ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

यावरून माझी पहिली ठाम शिफारस निघते. हॅशमॅप वापरा, पण तो उघडा फिरवू नका. मजकूर शोधण्यासाठी स्वतंत्र क्लास करा, उदाहरणार्थ ‘संदेशसंग्रह’. मॅप त्याच्या आत खाजगी फील्ड म्हणून असू द्या आणि बाहेर दोनच मेथड द्या. एक, ‘हा मजकूर असलाच पाहिजे’ असे म्हणणारी, जी न सापडल्यास चावीचे नाव आणि संग्रहाचे नाव संदेशात घालून एक्सेप्शन फेकते. दुसरी, ‘असेल तर द्या’ असे म्हणणारी, जी ‘ऑप्शनल’, म्हणजे आत मूल्य असेल किंवा नसेल असे वेष्टन, परत देते आणि त्यामुळे विचारणाऱ्याला ‘नसेल तर काय’ याचा विचार करायला लावते. यांपैकी कोणती मेथड वापरली यावरून ती चावी बंद संचातली आहे की खुल्या, हे वाचणाऱ्याला कळते. ‘स्ट्रिंग ते स्ट्रिंग’ असा उघडा मॅप मात्र पॅरामीटर म्हणून सात मेथडमधून फिरला, तर त्यात चाव्या कोणत्या आहेत, त्या कोणी घातल्या, आणि कोणी मध्येच बदलल्या का, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्या टाइपवरून मिळत नाही.

येथे मॅपचा वारसा घेण्याचा, म्हणजे संदेशसंग्रह हा मॅपचाच उपप्रकार करण्याचा, मोह होतो, तो टाळावा. याचा इशारा जावाच्याच लायब्ररीत पहिल्या आवृत्तीपासून आहे. ‘प्रॉपर्टीज’ हा क्लास ‘हॅशटेबल’चा वारस आहे. त्याच्या चाव्या आणि मूल्ये स्ट्रिंगच असावीत असा उद्देश आहे, पण वारशाने आलेल्या ‘पुट’ मेथडने त्यात कोणताही ऑब्जेक्ट घालता येतो, आणि असा ऑब्जेक्ट घातला की ‘गेट-प्रॉपर्टी’ त्या चावीला, डिफॉल्ट नसल्यास, नल देते, जणू चावीच नाही. तसेच ‘प्रॉपर्टीज’ला डिफॉल्ट मूल्यांची दुसरी यादी जोडता येते, ‘गेट-प्रॉपर्टी’ ती पाहते, पण वारशाने आलेली ‘गेट’ ती पाहत नाही. एकाच ऑब्जेक्टला एकच चावी दोन दारांनी विचारली तर दोन उत्तरे मिळतात. मॅप फील्ड म्हणून आत ठेवला असता तर यातले काहीच झाले नसते.

दुसरी शिफारस ऑब्जेक्टच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. संकेतावरून फक्त मजकूरच हवा आहे का, हे एकदा तपासून पाहा. बहुतेक प्रणालींत त्याच संकेतावरून थोड्याच दिवसांत रंग ठरवायचा असतो, पुन्हा प्रयत्न करायचा का हे ठरवायचे असते, लॉगची पातळी ठरवायची असते. मग त्याच चाव्यांचा दुसरा मॅप होतो, तिसरा होतो, आणि हे समांतर मॅप एकमेकांपासून हळूहळू सुटत जातात: एकात ब्याऐंशी चाव्या, दुसऱ्यात ऐंशी. अशा वेळी मूल्य म्हणून स्ट्रिंग न ठेवता एक छोटा ऑब्जेक्ट ठेवावा, ज्याच्यात मजकूर, पातळी आणि ‘पुन्हा प्रयत्न चालेल का’ हे सर्व एकत्र असेल. किंवा बंद संच असेल तर ही फील्ड एनमच्या सदस्यातच द्यावीत, म्हणजे कन्स्ट्रक्टरमुळे एकही फील्ड विसरता येणार नाही. आणि संकेत मुळात एखाद्या ऑब्जेक्टमधूनच काढला जात असेल, म्हणजे आधी ऑब्जेक्टचा प्रकार पाहून संकेत ठरवायचा आणि मग संकेतावरून मजकूर शोधायचा असे चालले असेल, तर मधला संकेतच काढून टाकावा आणि त्या ऑब्जेक्टलाच ‘तुझे वर्णन दे’ असे विचारावे.

चावी जुळणे म्हणजे काय, हेही स्पष्ट ठरवावे लागते. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको म्हणून चावी साठवताना आणि शोधताना ‘टू-लोअर-केस’ करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि ती मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून असते हे बहुतेकांना माहीत नसते. तुर्की सेटिंगमध्ये रोमन मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिंदू नसलेले वेगळेच अक्षर होते, त्यामुळे ज्या चावीत ते अक्षर आहे तिचा फाइलमधल्या लहान लिपीतल्या चावीशी मेळ बसत नाही. जावात अशा रूपांतराला ‘लोकेल-रूट’, म्हणजे कोणत्याही भाषेचे नसलेले सेटिंग, स्पष्टपणे द्यावे, किंवा अक्षरभेद न मानणारा क्रम देऊन ‘ट्रीमॅप’, म्हणजे चाव्या क्रमाने ठेवणारा मॅप, बांधावा. सी-शार्पमध्ये डिक्शनरी बांधतानाच ‘ऑर्डिनल-इग्नोअर-केस’ तुलनाकार द्यावा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी रूपांतर करण्याची गरज उरत नाही.

चाव्या देवनागरीत असतील तर आणखी एक गाठ असते. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये किमान दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र वेगळे येतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, जे जावात ‘नॉर्मलायझर’ क्लासने करता येते, ते एकसंध ‘ऱ’ आणि ‘र’ अधिक नुक्ता या दोन लेखनांना एक करते, पण जॉइनरचे लेखन त्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून वापरकर्त्याने टाइप केलेला मराठी शब्द चावी म्हणून वापरायचा असेल, तर प्रमाणीकरण आणि त्यानंतर या जोडणीसाठी स्वतःचा एक नियम, असे दोन्ही संदेशसंग्रहाच्या आत एकाच ठिकाणी करावे. प्रोग्रामच्या अंतर्गत चाव्या मात्र साध्या रोमन अक्षरांतच ठेवाव्यात, असेच मी सुचवेन.

मजकूर फाइलमध्ये हलवावा का? एकापेक्षा अधिक भाषा असतील, किंवा प्रोग्रामर नसलेली व्यक्ती मजकूर सुधारणार असेल, तर होय. अन्यथा घाई नाही. फाइलमध्ये हलवल्यावर कंपायलरचे संरक्षण जाते, तेवढी किंमत मोजण्याइतका लाभ असावा. येथेही न सापडलेल्या चावीचे वर्तन आधी समजून घ्या, कारण ते मॅपच्या नेमके उलट आहे: जावात मॅप गप्प राहतो, पण भाषेनुसार मजकुराच्या फाइली वाचणाऱ्या ‘रिसोर्सबंडल’ची ‘गेट-स्ट्रिंग’ एक्सेप्शन फेकते; डॉटनेटमध्ये डिक्शनरी एक्सेप्शन फेकते, पण तेच काम करणाऱ्या ‘रिसोर्समॅनेजर’ची ‘गेट-स्ट्रिंग’ नल देते.

रिसोर्सबंडल भाषांची उतरंड सांभाळतो. भारतातील मराठीसाठी विचारले तर तो आधी त्या प्रदेशाची फाइल, मग नुसत्या मराठीची फाइल आणि शेवटी मूळ फाइल पाहतो. यात एक वळण आहे जे सर्व्हरवर त्रास देते: मराठीची एकही फाइल मिळाली नाही तर मूळ फाइलकडे जाण्याआधी तो मशीनच्या डिफॉल्ट भाषेची फाइल शोधतो. सर्व्हरचे सेटिंग जर्मन असेल आणि जर्मन फाइल उपलब्ध असेल, तर मराठी मागणाऱ्याला जर्मन मजकूर मिळतो. ही वाट बंद करण्यासाठी ‘नो-फॉलबॅक’ नियंत्रण देता येते आणि सर्व्हरवर ते द्यावेच. दुसरी अडचण एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीची. इनपुटस्ट्रीममधून ‘प्रॉपर्टीज’ वाचताना आजही फाइल लॅटिन-१ मध्ये आहे असेच मानले जाते, त्यामुळे थेट लिहिलेली देवनागरी विस्कटते; २०१७ मधील जावा ९ पासून रिसोर्सबंडल मात्र तीच फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचतो. स्वतः वाचायची असेल तर यूटीएफ-८ सांगून उघडलेला ‘रीडर’ द्यावा. आणि या फाइलमध्ये बरोबरचे चिन्ह, अपूर्णविराम आणि मोकळी जागा हे तिन्ही चावी संपल्याची खूण मानले जातात, तेव्हा चावीत मोकळी जागा ठेवलीत तर पहिला शब्द तेवढा चावी होतो आणि बाकीचा भाग मजकुरात जातो.

मजकुरात बदलते भाग असतील तर वाक्याचे तुकडे वेगळ्या चाव्यांखाली ठेवून जोडू नयेत. पूर्ण वाक्य एका चावीखाली ठेवून त्यात जागा सोडाव्यात, कारण शब्दांचा क्रम प्रत्येक भाषेत वेगळा असतो. जावाचा ‘मेसेजफॉरमॅट’ हे काम करतो, पण त्याला दिलेला पूर्णांक तो हजाराच्या स्वल्पविरामासह छापतो, त्यामुळे नोंदणी क्रमांक नेहमी स्ट्रिंग करूनच द्यावा. आणि मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आले तर त्यापुढच्या रिकाम्या जागा भरल्याच जात नाहीत, ते चिन्ह दोनदा लिहावे लागते. इंग्रजी व फ्रेंच मजकुरात हे रोज घडते, मराठीत क्वचित.

चाव्या जोडून तयार करण्याची सवयही सोडावी. ‘त्रुटी’ हा उपसर्ग, त्यापुढे विभागाचे नाव आणि त्यापुढे क्रमांक असे चालू प्रोग्राममध्ये जोडून चावी बनवली, तर ती पूर्ण चावी कोडमध्ये शोधून सापडत नाही, आणि मग ‘ही चावी कोणी वापरत नाही’ असे समजून कोणीतरी ती फाइलमधून काढून टाकतो. चावी पूर्ण स्वरूपात एनमच्या सदस्यापाशी लिहावी. मग एक साधी टेस्ट लिहिता येते, जी एनमचे सर्व सदस्य घेऊन प्रत्येक भाषेच्या फाइलमध्ये मजकूर आहे का, तो रिकामा नाही ना, आणि त्यातल्या बदलत्या जागांची संख्या सर्व भाषांत सारखी आहे का, हे पाहते. कंपायलरचे गेलेले संरक्षण या टेस्टने बरेचसे परत मिळते. मजकूर प्रोग्राम चालू असताना पुन्हा वाचायचा असेल, तर चालू मॅपमध्ये बदल करू नये. नवा मॅप पूर्ण बांधून ‘मॅप-कॉपीऑफ’ने अपरिवर्तनीय करावा आणि ‘व्होलाटाइल’ (सर्व थ्रेडना ताजे मूल्य दाखवणाऱ्या) फील्डमधला संदर्भ एका झटक्यात बदलावा.

शेवटी प्रत्यक्ष साखळी कशी हलवायची ते. आधी त्या ऐंशी पायऱ्यांत फक्त समानतेची तुलना आहे ना ते पाहा. ‘अमुक अक्षरांनी सुरू होणारा’ किंवा ‘अमुक ते तमुक या दरम्यानचा’ अशा अटी असतील तर त्या हॅशमॅपमध्ये बसत नाहीत. दरम्यानच्या अटींसाठी ट्रीमॅपची ‘फ्लोअर-एंट्री’ उपयोगी पडते आणि उपसर्गाच्या अटी वर सांगितलेल्या विभागीय संदेशांत जातात. त्यानंतर एकच संकेत दोनदा आला आहे का ते तपासा, आणि इतक्या लांब साखळीत तो बहुधा आलेला असतोच. इफ-एल्समध्ये पहिली जुळणारी पायरी जिंकते आणि खालची कधीच चालत नाही. हॅशमॅपमध्ये ‘पुट’ ओळीने केले तर नंतरचे मूल्य आधीचे पुसते. म्हणजे साखळी जशीच्या तशी उतरवली तर वर्षानुवर्षे न दिसलेला खालचा मजकूर अचानक दिसू लागतो. पायथनमधील डिक्शनरीचे थेट लेखन आणि प्रॉपर्टीज फाइल यांतही शेवटचीच नोंद मुकाट्याने टिकते. ‘मॅप-ऑफ’ दहा जोड्यांपर्यंतच चालतो, म्हणून येथे ‘मॅप-ऑफ-एंट्रीज’ वापरा. तो दुबार चावी दिसताच एक्सेप्शन फेकतो. ते एक्सेप्शन आले की दोन मजकुरांपैकी साखळीत वर असलेला ठेवा, खालचा वगळा, आणि जुनी मेथड लगेच न काढता ऐंशीच्या ऐंशी संकेत, शिवाय नल, रिकामी स्ट्रिंग आणि एक अनोळखी संकेत, दोन्ही मेथडना देऊन उत्तरे ताडून पाहणारी टेस्ट लिहा. शेवटच्या तीन ठिकाणी उत्तरे वेगळी येतील. तिथे नवे वर्तन काय हवे ते आधी ठरवून टेस्टमध्ये तसे लिहा, आणि त्यानंतर जुनी मेथड काढा.